लाईट गेल्यावरचा कॉम्प्युटर

माझे वडील लाईट घालवायचे. तसं त्यांचं काम लाईट देण्याचं, पण नव्वदीच्या सुरुवातीच्या जळगावात हे कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. नशिराबादकडून शहरात येताना हायवेच्या कडेला एक सबस्टेशन होतं, तिथे आमचे नाना ऑपरेटर. वरून फोन यायचा, अमुक फीडर बंद करा. फीडर म्हणजे शहराच्या एकेका भागाला वीज नेणारी लाईन. नाना उठायचे, स्विचची मूठ फिरवायचे, परत खुर्चीत बसायचे. तिकडे अर्ध्या शहराचे पंखे थांबायचे आणि माणसं घामाघूम होऊन माझ्या बापाचा उद्धार करायची. आणि माझं नशीब बघा, आमचं कॉलेज त्यांच्याच एका फीडरवर होतं.

कॉलेजात तेव्हा बी.एस्सी.ला कॉम्प्युटर हा विषय नव्यानंच आला होता. मी हट्टानं घेतला. का घेतला, तर ॲडमिशनच्या दिवशी दाराच्या फटीतून ती लॅब दिसली म्हणून. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, जाड पडदे, आणि गार वारा! जळगावच्या जूनमध्ये असा गार वारा मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला होता. मशीनला धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मगच आत. देवळात गेल्यासारखं सगळे हळू आवाजात बोलायचे. मी सोडून. माझा आवाज मुळातच खणखणीत, त्याला मी काय करू?

घरात मात्र या कॉम्प्युटरवरून धुसफूस होती. आम्ही मूळ धुळ्याकडचे, नानांच्या बदलीमुळे नशिराबादला दोन खोल्यांत राहायचो. घरात अहिराणीच. धुळ्याचा मामा प्राथमिक शाळेत शिक्षक होता आणि मुलींनी डी.एड. करावं, मास्तरीण व्हावं यापलीकडे त्याचं जग जात नसे. यायचा तो तेच घेऊन. "कॉम्प्युटर शिकीसन काय करशी तू? कोन देई तुले नोकरी? डीएड कर, दोन वरीसमा शायमा लागशी." त्यात वाईट काही नव्हतं, माया होती. माझ्यासाठी धुळ्यात त्यानं आपल्या घरातली एक खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. पण मला त्याच्या मायेचा असा संताप यायचा की विचारू नका.

आणि दिवाळीच्या आधी मी कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. झालं! मामाला आयतंच सापडलं. नाना भांडणारे नव्हते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक येतात, त्या प्रॅक्टिकलमध्ये पास झाली तर जळगावलाच शिकेल, नाही तर मे महिन्यात मामाबरोबर धुळ्याला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

आता नापास का झाले तेही ऐका. माझ्या डोक्यात प्रोग्रॅम धड उतरतच नव्हता. पुस्तकात वाचलं की सगळं कळल्यासारखं वाटायचं, मशीनवर बसलं की बोटं थांबायची. आणि जरा काही जुळायला लागलं की लाईट जायची. एका मशीनवर आम्ही तिघं-चौघं. लिहिलेलं साठवून ठेवायच्या आत पडदा काळा. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. "सांग की तुझ्या बापाला, जरा दम धर म्हणावं!" एक नशिराबादचाच पोरगा होता, माझ्याच बसनं यायचा. तो तर लाईट गेली की मला हात जोडून म्हणायचा, "वीजदेवी, प्रसन्न हो." एकदा मी त्याला डस्टर फेकून मारलं. लागलं नाही, पण सरांनी मला बाहेर काढलं.

घरी येऊन मी नानांवर भडकायचे. "तुम्हाला आमच्या प्रॅक्टिकलच्या वेळेलाच बरं सुचतं!" नाना शांतपणे बूट काढत म्हणायचे, "लाईट मन्हा हातमा नही पोरी. वरतून फोन येस." मग थोडं थांबून, "बठ्ठा गाव माले शिव्या देस, तू बी दे." असं म्हटल्यावर माणूस काय भांडणार? मी चहा ठेवायचे.

आमचे सर म्हणजे माझ्यापेक्षा तापट. पुण्याहून शिकून आलेले, तरुण, काडीसारखे बारीक. लाईट गेली की आधी ते वीजवाल्यांच्या नावानं भरपूर तोंड वाजवायचे. मी समोर बसलेली असायचे, पण त्यांना त्याचं काही नाही. दिवाळीनंतर एकदा लाईट गेली ती तास उलटला तरी येईना. लॅबची भट्टी झाली. सर म्हणाले, "उठा सगळे. बाहेर चला. आपणच कॉम्प्युटर होऊ."

आम्हाला वाटलं सरांचं डोकं फिरलं. कॉलेजच्या मागे निंबाचं मोठं झाड होतं आणि पलीकडे प्राथमिक शाळा. सरांनी तिथून पाट्या आणि खडू मागून आणले. एकेकाला एकेक पाटी दिली. ही पाटी म्हणजे मेमरीतली एक जागा. हिच्यावर बेरीज, तिच्यावर आत्ता वाचलेला आकडा, त्या तिसरीवर किती वेळा झालं त्याची मोजणी. एक जण प्रोग्रॅमची ओळ मोठ्यानं वाचणार, एक जण ती पाळणार, आणि एक जण प्रिंटर. प्रिंटरचं काम उत्तर ओरडून सांगायचं. प्रिंटर अर्थातच मी.

सरांचा एकच नियम होता आणि तो मोडला की ते खवळायचे. मेमरीनं डोकं चालवायचं नाही! पाटीवर जे आहे ते सांगायचं, लिही म्हटलं की जुनं पुसून नवीन लिहायचं, बस्स. आम्हाला हे काही केल्या जमेना. एकाला बेरीज दिसली की तो आधीच उत्तर सांगून मोकळा. "अरे, तू मेमरी आहेस की शहाणा?" सर ओरडायचे. तो नशिराबादचा वीजदेवीवाला तर बिचारा हुशार, त्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. तो मोजणीची पाटी धरून ओठ चावत उभा राहायचा आणि आम्ही हसून लोळायचो.

पण काय सांगू, त्या झाडाखाली मला प्रोग्रॅम दिसायला लागला. आकडा एका पाटीवरून दुसरीकडे कसा जातो, मोजणी कधी वाढते, त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवायचा फेरा कुठे संपतो, सगळं डोळ्यांसमोर. मशीनच्या आत जे काय व्हायचं ते मला कधीच कळलं नव्हतं. इथं आत असलेली माणसं माझ्या ओळखीची होती, त्यातली दोन डबा खाऊन सुस्तावलेली. फेरा संपायची अट चुकली तर ती दोघं उन्हात फिरत राहायची आणि मला शिव्या घालायची. चूक अशी लगेच कळायची.

मग आम्हाला चटकच लागली. लाईट असली तरी पोरं म्हणायची, सर, आज झाडाखाली. यावलहून येणारी एक मैत्रीण होती, ती दुपारच्या बसची वाट बघताना एसटी स्टँडवर माझ्याकडून प्रोग्रॅम चालवून घ्यायची. पाट्या नसायच्या, म्हणून आम्ही केळी घ्यायचो. यावलची पोरगी, पिशवीत केळी नाहीत असं कधी झालंच नाही. एक केळं बेरजेचं, एक मोजणीचं, चालवून झालं की खाऊन टाकायचं. आजूबाजूच्या बायका आमच्याकडे बघत राहायच्या, ह्या पोरी केळ्याशी काय बोलताहेत म्हणून.

एप्रिल आला. परीक्षेच्या दिवशी सकाळी नाना ड्युटीवर निघाले तेव्हा मी बसची वाट बघत फाट्यावर उभी होते. त्यांनी सायकल थांबवली. काहीतरी म्हणतील असं वाटलं. पण माझ्या ओढणीचं टोक मागे धुळीत लोळत होतं, ते उचलून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकलं, आणि गेले.

बाहेरचे परीक्षक नाशिककडचे होते. मोठं पोट, गळ्यात टाय, आणि त्यांना संध्याकाळची परतीची गाडी पकडायची होती. आल्याआल्याच त्यांनी सांगून टाकलं, "पडद्यावर उत्तर आलं तर मार्क. नाही आलं तर नाही. मला गोष्टी सांगायच्या नाहीत." मला प्रश्न आला तो असा: केळीच्या घडांची वजनं एकेक करून द्यायची, शून्य दिलं की थांबायचं, मग एकूण वजन आणि सरासरी दाखवायची. प्रश्न बघून मला हसूच आलं. कागदावर प्रोग्रॅम लिहिला, परीक्षकांनी त्यावर सही केली, आणि मी मशीनवर टाइप करायला बसले. शेवटची ओळ टाइप करत होते.

खिडकीचा जाड पडदा एकदम आत फुगला. बाहेर वावधन सुटलं होतं. एप्रिलचं आमच्याकडचं वादळ कसं, पाऊस थोडा आणि माती फार, आणि वारा असा की उभ्या केळीच्या बागा आडव्या करून जाईल. कुठंतरी पत्रे वाजले. आणि लाईट गेली.

पडदा काळा. मी तशीच हात कीबोर्डवर ठेवून बसले. कुणीही माझ्याकडे वळून बघितलं नाही, टोमणा मारला नाही. वीजदेवीवालासुद्धा खाली बघत होता. मला धुळ्याची ती रिकामी खोली दिसायला लागली.

तासभर झाला, लाईट नाही. परीक्षक घड्याळाकडे बघायला लागले. टाय सैल केला, मग काढूनच टाकला. शेवटी म्हणाले, "ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना मी शून्य देणार. माझा नाइलाज आहे." आमचे सर उसळलेच. "का नाइलाज? मशीन बंद पडलंय, माझी पोरं बंद पडलेली नाहीत. बाहेर चला, हातानं चालवून दाखवतील!" दोघांची चांगलीच जुंपली. वादळ ओसरलं होतं आणि बाहेर आतल्यापेक्षा गार होतं, म्हणून असेल, परीक्षक एकदाचे उठले. पण त्यांनीही अट घातली. एकेकानं यायचं, दुसऱ्यानं मदत करायची नाही.

माझं नाव आलं तेव्हा निंबाखाली पाचोळ्याचा खच पडला होता. मी पारावर पाट्या मांडल्या आणि सहीचा कागद घेऊन सुरुवात केली. पहिलं वजन वाचलं. एका पाटीवर लिहिलं. बेरजेत मिळवलं. मोजणी एकनं वाढवली. शून्य आहे का? नाही. पुन्हा वर. बेरजेत मिळवलं. मोजणी वाढवली. शून्य आहे का? नाही. पुन्हा वर.

आणि मी खडू खाली ठेवला. दुसरं वजन मी वाचलंच नव्हतं! पुढचा आकडा विचारणारी ओळ मी फेऱ्याच्या बाहेर लिहून बसले होते. हा प्रोग्रॅम पहिलाच घड पुन्हा पुन्हा मोजत राहिला असता, जन्मभर. मशीनवर चालवला असता तर मशीन अडकलं असतं, पडद्यावर काही म्हणजे काही आलं नसतं, आणि का आलं नाही हे शोधायची माझी लायकीच नव्हती. मी मशीनसमोर रडत बसले असते.

"सर," मी म्हटलं, "हे चुकलंय. हे थांबणार नाही."

"कशावरून?"

"हा एकच घड मोजतोय. दुसरा विचारतच नाहीये." मी ओळ खोडली, आत घेतली. "आता बघा." पण एका हातात कागद, दुसऱ्यात खडू, बेरजेची पाटी धरवेना. मी ती सरळ परीक्षकांच्या हातात दिली. "तुम्ही ही धरा. मी सांगेन ते पुसा, सांगेन ते लिहा."

त्यांनी धरली. खरंच धरली! मी वजनं सांगायला लागले, ते पुसून लिहायला लागले. मध्येच त्यांना राहवेना, पुढचा आकडा ऐकताच म्हणाले, "म्हणजे एकूण झालं..."

"मेमरीनं डोकं चालवायचं नाही!" मी ओरडले. परीक्षकांवर. लांब उभे असलेले आमचे सर कपाळावर हात मारून खाली बसले. परीक्षक माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसताच त्यांनी पाटीवर पुढची बेरीज लिहिली, आणि शेवटी शून्य आल्यावर मी प्रिंटरच्या आवाजात उत्तर सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, तू पास आहेस. जा, पाणी पी."

मी उड्या मारत घरी आले. नाना ओट्यावर बसले होते. अंगावर ड्युटीचे कपडे तसेच, पायात बूट तसेच. माय दारातून दोनदा जेवायला बोलावून गेली होती म्हणे. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मीच बंद करी लाईट."

मला काही कळेना. तुटक तुटक सांगत गेले. वादळात निंबाची फांदी पडून कॉलेजच्याच फीडरची तार तुटली होती. रस्त्यावर लोंबत होती आणि केळीच्या कामावरून बाया परत येत होत्या. फोन आला नव्हता, फोनच बंद पडला होता. एक सायकलवाला धावत सांगायला आला. नानांनी त्याच क्षणी मूठ फिरवली, कुणाला विचारलं नाही. "माले म्हाईत व्हतं, तुन्हा पेपर चालू शे. घड्याळ समोरच व्हतं." आणि ते वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

मी त्यांना सगळं सांगितलं. लाईट असती तर मी नापास झाले असते, गेली म्हणून पास झाले, परीक्षक स्वतः पास म्हणाले. नाना मान हलवत राहिले. त्यांना वाटलं, पोरगी बापाचं मन राखतेय. मी चिडले, पाय आपटले, शपथ घेतली. काही उपयोग नाही. माझ्या बापाला आयुष्यात मी खोटी वाटले ती त्या एकाच संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नाना इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चाल, तुन्हा सरनाकडे जाऊ." मी म्हटलं कशाला? तोवर ते चपला घालून फाट्याकडे निघालेही. लॅबच्या दारात त्यांनी माझ्या आधी चपला काढल्या, पाय पुसले, आत गेले आणि हात जोडून सरांसमोर उभे राहिले. सरांशी ते त्यांच्या ऑफिसच्या मराठीत बोलले. "साहेब, काल लाईट मी घालवली. पोरीची चूक नाही. तिला पुन्हा एकदा बसू द्या."

वर्षभर या माणसाच्या खात्याला जितक्या शिव्या दिल्या असतील तितक्या सरांनी कुणाला दिल्या नसतील. आणि आता त्या खात्याचा एक माणूस समोर येऊन लाईट घालवल्याची माफी मागत होता. सरांनी आधी नानांचे जोडलेले हात धरून खाली केले. "काका, ती पास आहे हो. बसा ना. बसा." मग त्यांनी लाईट का बंद केली ते विचारलं, आणि बायांचं ऐकल्यावर स्वतःची खुर्ची नानांजवळ ओढली. नाना त्या गार खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, हिरव्या अक्षरांकडे बघत. सरांनी मला सांगितलं, तुझ्या वडिलांना एक प्रोग्रॅम चालवून दाखव. मी घडांचाच दाखवला. या वेळी दुसरा घड विचारला. पडद्यावर एकूण वजन आलं तसे नाना खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "बरं शे."

मे महिन्यात मामा आला. माझी ट्रंक बांधायला स्वतः दोरी घेऊन आला होता, भला माणूस. पास झाल्याचं ऐकूनही त्याचा हेका सुटेना. आता झाला ना एक वर्षाचा हौसेचा खेळ, डीएड ते डीएड, उद्याच्या गाडीनं निघू. मी भांडायला उठलेच होते. नानांनी मला हातानं थांबवलं. जेवताना ते कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले.

"ती आठेच, जळगावलेच शिकी," ते मामाला म्हणाले. "डीएडले लाईट लागत नही. हिले लागस. लाईटनं काय ते मी देखसू."